ऊस कोणत्या मापानें मोजावा?

थंडी पडूं लागली, कीं कृष्णा-वारणेच्या कांठीं उसाच्या तोडी सुरू होतात. उसानें लादलेल्या गाड्यांची व ट्रॅक्टरांची रस्त्यानें रीघ लागते, आणि त्यांतील प्रत्येक वाहन कारखान्याच्या दाराशीं एका ठिकाणीं क्षणभर थांबतें. तें ठिकाण म्हणजे वजनकांटा. कांट्यावर जो आंकडा उमटतो, त्यावर शेतकऱ्याच्या वर्षभराच्या श्रमाचा हिशेब ठरतो. तेथून ऊस गव्हाणींत पडतो, रस निघतो, साखर तयार होते, आणि कारखान्याच्या प्रयोगशाळेंत दुसरा एक आंकडा निघतो. त्यास उतारा म्हणतात. शंभर किलो उसापासून किती किलो साखर हातीं आली, तें उताऱ्यावरून कळतें. पहिला आंकडा शेतकऱ्याचा, दुसरा कारखान्याचा. या दोन आंकड्यांत जें अंतर आहे, त्याविषयीं मी आज आपणांशीं चार शब्द बोलणार आहें.

विद्यापीठें आणि उद्योगधंदे यांनीं एकमेकांच्या साह्यानें चालावें, हें आपण नेहमीं ऐकतों. पदवीदान-समारंभांत त्याचा उपदेश होतो, उद्योजकांच्या परिषदांत ठराव होतात; आणि ठराव झाला कीं विद्यापीठ आपल्या वाटेनें व कारखाना आपल्या वाटेनें जातो. असें कां व्हावें? कोणी म्हणतात, पैसा अपुरा पडतो. कोणी म्हणतात, प्राध्यापकांस व्यवहार कळत नाहीं. कोणी म्हणतात, कारखानदारास धीर नसतो. या सर्व कारणांत तथ्य आहे. परंतु त्यांच्याहि मुळाशीं एक साधी अडचण आहे, आणि तिच्याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. दोघांनीं मिळून काम करावयाचें, तर यश कशानें मोजावयाचें हें आधीं ठरावें लागतें. माप ठरविल्यावांचून सुरू केलेलें सहकार्य म्हणजे गज न ठरवितां केलेली कापडाची खरेदी होय. भांडण तेथें ठेवलेलेंच असतें.

हा विषय हवेंत राहूं नये म्हणून मी तो सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांपुरता मांडतों. वस्तुतः ही एकाच घरची वांटणी आहे. १९४९ सालीं सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, आणि त्यांपैकीं दक्षिण सातारा या भागास १९६० मध्यें सांगली हें नांव मिळालें. पश्चिमेस सह्याद्रीचा पाऊस, मध्यें कृष्णाकांठची काळी जमीन आणि पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत येथील कोरडी रानें, असा हा मुलूख आहे. नांगराच्या कारखान्यापासून उसाच्या संशोधनकेंद्रापर्यंत अनेक प्रयोग या भूमीनें पाहिले आहेत.

जेथें विद्यापीठ नव्हतें, तेथून आरंभ करूं. १९१० सालीं औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं दिलेल्या कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं आपला कारखाना आणला. तेंच पुढें किर्लोस्करवाडी झालें. लक्ष्मणराव पूर्वीं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेंत शिकवीत असत. म्हणजे वर्ग आणि कारखाना हे दोन्ही त्यांच्या परिचयाचे होते. त्यांनीं लोखंडी नांगर केला; परंतु लोखंडानें जमिनीस विष चढतें, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले थोडे नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं, असें सांगतात. आतां या समजुतीस उत्तर कोणतें? व्याख्यानानें ती जाणार नव्हती. नांगरलेल्या रानांत उभें राहिलेलें पीक, हेंच एक उत्तर होतें. वस्तु जेथें वापरावयाची तेथेंच तिची परीक्षा व्हावी आणि वापरणाऱ्याच्या डोळ्यांदेखत व्हावी, ही प्रत्यक्षनिष्ठ संशोधनाची पहिली पायरी होय. किर्लोस्करवाडीनें ती कोणत्याहि विद्यापीठाच्या साह्याशिवाय ओलांडली.

तथापि या पद्धतीस एक मर्यादा आहे. समजा, एका शेतकऱ्यानें नवा नांगर घेतला आणि त्या वर्षीं त्याचें पीक सवाईनें आलें. तें नांगरामुळें आलें, कीं पाऊस वेळेवर झाल्यामुळें? कीं तें रान मुळांतच कसदार होतें? शेतकरी मनापासून सांगेल, नांगरामुळें. शेजारी तितक्याच मनापासून सांगेल, नशिबामुळें. दोघांचेंहि म्हणणें प्रामाणिक असतें, परंतु त्यानें निर्णय होत नाहीं. येथें अनुभवास शिस्तीची जोड लागते, आणि ही शिस्त शिकविणें हें विद्यापीठाचें खरें काम आहे.

या शिस्तीचा इतिहास आपल्या विषयाच्या दृष्टीनें बोधप्रद आहे. इंग्लंडांत रोथमस्टेड येथें १८४३ सालीं जॉन लॉझ या गृहस्थानें शेतीचे प्रयोग सुरू केले. हा गृहस्थ खतांचा कारखानदार होता. त्यानें गिल्बर्ट नांवाचा रसायनशास्त्रज्ञ हाताशीं धरला आणि एकाच शेतांत वर्षानुवर्षें गहूं पेरून, कोणत्या पट्ट्यास कोणतें खत दिलें व किती धान्य निघालें, याची नोंद ठेविली. कारखानदाराच्या पैशानें चाललेल्या या नोंदी पाऊणशें वर्षें साठत गेल्या. मग १९१९ मध्यें रोनाल्ड फिशर हा गणिती तेथें आला. त्यानें असें दाखविलें, कीं दोन वाणांची तुलना करावयाची तर प्रत्येक वाण एकाच जागीं लावून भागत नाहीं. शेताचे अनेक तुकडे पाडावे, कोणता वाण कोणत्या तुकड्यांत जाईल तें चिठ्ठ्या टाकून ठरवावें, आणि तोच प्रयोग अनेकदां करावा. म्हणजे जमिनीचा कस, उतार, ओलावा यांची लुडबुड सर्वांच्या वांट्यास सारखी येते, आणि उरलेलें अंतर वाणाचें म्हणतां येतें. कारखानदाराची चिकाटी आणि गणितज्ञाची दृष्टि एका शेतांत भेटली, तेव्हां हें शास्त्र जन्मास आलें.

हें शास्त्र आपल्या देशांत रुजविणाऱ्यांपैकीं एक प्रमुख पुरुष सातारा जिल्ह्याचाच होता, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ सालीं खटाव तालुक्यांतील बुध या गांवीं झाला. लंडनला संख्याशास्त्राचें उच्च शिक्षण घेऊन ते परतले आणि १९४० नंतरच्या दशकांत दिल्लीच्या कृषि-संशोधन परिषदेंत त्यांनीं पीककापणीच्या प्रयोगांची पद्धति घालून दिली. पुढें १९५१ पासून ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेंत संख्याशास्त्राचे प्रमुख होते. पीककापणीचा प्रयोग म्हणजे काय? देशांत धान्य किती पिकलें हें पूर्वीं गांवकामगारांच्या अंदाजावरून, आणेवारीवरून ठरे. त्याऐवजीं कांहीं गांवें, त्यांतील कांहीं शेतें व त्या शेतांतील लहानसे तुकडे चिठ्ठीच्या पद्धतीनें निवडावे, तेवढेच कापावे, मळावे, तोलावे, आणि त्यावरून साऱ्या जिल्ह्याचें अनुमान करावें.

आतां हा तुकडा केवढा असावा? तो जितका लहान तितके श्रम व खर्च कमी. परंतु सुखात्मे यांनीं १९४६ च्या सुमारास दाखवून दिलें, कीं तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न खऱ्याहून अधिक दिसतें. कारण मोठें मौजेचें आहे. कापणाऱ्याचा हात सीमेवरचें रोप पाहून क्षणभर अडखळतो, आणि बहुधा तें आंत घेतो. मोठ्या तुकड्यांत अशीं चार रोपें आलीं तरी बिघडत नाहीं. परंतु वीतभर तुकड्यांत तीं साऱ्या हिशेबावर स्वार होतात. येथें कोणी लबाडी केलेली नसते. सारे प्रामाणिक असून आंकडा मात्र खोटा ठरतो. श्रोतेहो, हा धडा मी मुद्दाम सांगत आहें. माप चुकण्यास वाईट हेतु असावाच लागतो असें नाहीं. मापाची रीतच चुकीची असली कीं पुरें.

एवढी पूर्वपीठिका घेऊन आतां उसाकडे वळूं. नीरा नदीच्या परिसरांत, फलटण तालुक्यांतील पाडेगांव येथें १९३२ सालीं उसाचें संशोधनकेंद्र स्थापन झालें. आज तें राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठाकडे आहे. नीरेच्या कालव्याचें पाणी आलें आणि दख्खनच्या काळ्या जमिनींत ऊस पसरला. त्याबरोबर जमिनी पाणथळ व खारट होण्याचें संकटहि आलें. म्हणून या केंद्रांत केवळ उसाचाच नव्हे, तर कालव्याखालील जमिनींचाहि अभ्यास झाला. जे. के. बसू यांनीं तेथें केलेली मातीची वर्गवारी पुढील अभ्यासकांस आधारभूत झाली.

नवा ऊस कसा निर्माण होतो, हें आपणांपैकीं अनेकांस नवलाचें वाटेल. आपण ऊस लावतों तो कांडीच्या डोळ्यापासून; म्हणून आईसारखेंच लेंकरूं निघतें, त्यांत पालट होत नाहीं. पालट हवा असेल तर उसाला तुरा येऊं द्यावा लागतो, दोन जातींचा संकर करावा लागतो आणि मिळालेलें बीं रुजवावें लागतें. तामीळ देशांतील कोइमतूरच्या हवेंत उसाचा तुरा चांगला फुलतो व बीं धरतो. म्हणून १९१२ पासून तेथें ऊसपैदाशीची संस्था आहे. तेथील संकराचें बीं पाडेगांवासारख्या केंद्रांत येतें, त्याचीं हजारों रोपें होतात, आणि मग निवडीचें दीर्घ सत्र सुरू होतें. रोगट तें काढा, बारीक तें काढा, लोळणारें तें काढा, खोडवा न देणारें तें काढा. असें करतां करतां दहा-बारा वर्षांनीं एखादा वाण शेतकऱ्याच्या हातीं देण्याजोगा ठरतो. वाणांच्या नांवांत हा इतिहास कोरलेला असतो. ‘को ८६०३२’ म्हणजे कोइमतूरचा, १९८६ सालच्या मालिकेंतील बत्तिसावा. ‘कोएम ०२६५’ म्हणजे कोइमतूरच्या बियांतून महाराष्ट्रांत निवडलेला, २००२ सालच्या मालिकेंतील पांसष्टावा. आपण ज्यास नुसतें ‘दोनशें पांसष्ट’ म्हणतों, तोच हा फुले २६५.

को ८६०३२ हा वाण १९९६ सालीं महाराष्ट्रांत प्रसृत झाला आणि शेतकरी व कारखाना दोघांसहि मानवला. उत्पन्न बरें, साखर चांगली, खोडवाहि उत्तम; वादाला जागाच उरली नाहीं. परंतु २००७ सालीं फुले २६५ आला, आणि इतके दिवस झांकलेला प्रश्न उघडा पडला. या वाणाचें वजन भरघोस होतें. चोपण व खारवट जमिनींतहि तो तग धरी. शेतकऱ्यांनीं त्यास हातोहात उचललें. मात्र हंगामाच्या आरंभीं त्याचा उतारा कमी पडतो, असा कारखान्यांचा आक्षेप होता. आणि कांहीं कारखान्यांनीं त्याची नोंद घेण्यास किंवा त्यास वेळेवर तोड देण्यास कां-कूं केली. मग गांवोगांवच्या शेतकी कार्यालयांत पुढीलप्रमाणें बोलणें ऐकूं येऊं लागलें.

“साहेब, माझ्या रानांत एकरीं धा टन जास्ती निघालं. तुम्ही ऊस वजनावर घेताय न्हवं? मग नोंद का नको?”

“पाटील, दहा टन जास्त निघाले हें खरें. पण तुमचा ऊस नोव्हेंबरांत गाळला तर साखर कमी पडते. तो तोटा कोणाच्या पदरांत घालूं?”

यांत खरें कोण बोलतो? एक काल्पनिक हिशेब करून पाहूं. एका वाणाचें उत्पन्न एकरीं ५० टन आणि उतारा १२ टक्के आहे, असें धरा. दुसऱ्याचें उत्पन्न ६० टन आणि उतारा ११ टक्के. पहिला वाण एकरीं ६ टन साखर देतो, दुसरा ६.६ टन. म्हणजे जमीन हें माप धरलें तर दुसरा वाण सरस ठरतो. आतां कारखान्याच्या जागीं उभे राहा. रोज पांच हजार टन गाळणारा कारखाना दीडशें दिवसांत साडेसात लाख टन ऊस गाळतो. त्याहून अधिक त्याच्या यंत्रांस पेलत नाहीं. पहिल्या वाणानें त्यास ९०,००० टन साखर मिळते, दुसऱ्यानें ८२,५००. तोडणी, वाहतूक व गाळप यांचा खर्च मात्र टनावर, म्हणून तोच. म्हणजे यंत्राची शक्ति हें माप धरलें तर पहिला वाण सरस. श्रोतेहो, दोघेहि खरें बोलतात! शेतकऱ्याजवळ जमीन मोजकी आहे, कारखान्याजवळ गाळपाचे दिवस मोजके आहेत. ज्याच्याजवळ जें मोजकें, त्याचें माप तें.

भावाच्या पद्धतीनें हा पेंच अधिकच घट्ट होतो. केंद्र सरकार उसाचा जो रास्त व किफायतशीर दर ठरवितें, तो उताऱ्याशीं जोडलेला असतो. २०२४-२५ च्या हंगामासाठीं १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागें ३४० रुपये असा तो होता. परंतु हा उतारा साऱ्या कारखान्याच्या सरासरीचा धरतात. एखाद्या शेतकऱ्यानें गोड, पक्व ऊस आणला काय किंवा कोंवळा, पाणचट आणला काय, भाव त्यास सर्वांच्या सरासरीचाच मिळतो. तेव्हां साखरेची चिंता त्यानें एकट्यानें कां वाहावी? तो वजनच पाहणार. यांत त्याचा दोष नाहीं. आपण त्याच्या हातीं तेंच एक माप दिलें आहे.

आणि या दोघांच्या भांडणांत ज्याला वकील नाहीं, असा तिसरा पक्षकार दाराबाहेर उभा आहे. तो म्हणजे पाणी. ज्या कृष्णेचें पाणी नदीकांठीं उसास जातें, तेंच ताकारी, टेंभू, म्हैसाळ या योजनांतून पंपांनीं उचलून पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांस पोंचवावें लागतें. एकरीं साखर किती व टनीं साखर किती, हे हिशेब आपण करतों. परंतु एका पाळीच्या पाण्यामागें साखर किती, हें माप कोणत्या कांट्यावर उमटतें? एखादा वाण वजनानें जास्त भरला, परंतु पक्व होण्यास त्यानें दोन महिने अधिक घेतले, तर त्या दोन महिन्यांचें पाणीहि त्याच्या खात्यावर मांडलें पाहिजे. तसेंच खारट जमिनींत तगणारा वाण मिळाला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु त्या समाधानांत जमिनीखालून पाण्याचा निचरा करण्याचें मूळ काम लांबणीवर पडलें, तर वाणानें दुखणें बरें केलें नाहीं, नुसतें झांकलें, असें म्हणावें लागेल.

मग यांतून वाट कोणती? पाहा, कारखान्याचा आक्षेप हंगामाच्या आरंभींच्या उताऱ्याविषयीं होता. तेव्हां खरा प्रश्न ‘हा वाण चांगला कीं वाईट’ असा नसून ‘हा वाण कोणत्या महिन्यांत लावला आणि कोणत्या वयांत तोडला असतां चांगला’ असा आहे. आडसाली लावण जुलै-ऑगस्टची, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरची, सुरू जानेवारी-फेब्रुवारीची. त्यांचें वय तोडणीच्या दिवशीं एक नसतें. जो वाण उशिरा पक्व होतो, तो उशिराच तोडावा. यासाठीं रानारानांतून रस काढून त्यांतील साखर तपासावी लागते आणि तोडणीचा क्रम पक्वतेवर ठरवावा लागतो. वशिल्यावर किंवा मजुरांच्या सोयीवर नव्हे. हें उत्तर केवळ विद्यापीठाच्या प्लॉटांत सांपडणार नाहीं, कारण तेथें ऊस वेळेवर तुटतो. शेतकऱ्याच्या रानांत तो तोडणीची वाट पाहत उभा असतो. केवळ कारखान्यांतहि तें मिळणार नाहीं, कारण गव्हाणींत पडलेल्या उसाचें गांव व वय कोणी विचारीत नाहीं. दोहोंच्या वह्या एकत्र उघडल्या तरच तें हातीं येईल.

माप योग्य निवडलें म्हणजे काय होतें, याचें एक सुंदर उदाहरण फलटणलाच आहे. तेथें बनबिहारी निंबकर यांनीं १९६८ सालीं निंबकर कृषि संशोधन संस्था स्थापन केली. आपली दख्खनी मेंढी एका वेळीं बहुधा एकच कोंकरूं देते. बंगालमधील सुंदरबनांत गरोळ नांवाची एक लहानखुरी मेंढी आहे. ती जुळीं, तिळीं देते. तिच्यांतील ज्या जनुकामुळें हें घडतें, तोच जनुक ऑस्ट्रेलियांतील एका प्रसिद्ध कळपांतहि आढळतो. आणि १७९० नंतरच्या दशकांत कलकत्त्याहून तिकडे गेलेल्या मेंढ्यांपर्यंत त्याचा माग लागतो. फलटणच्या संशोधकांनीं ऑस्ट्रेलियांतील शास्त्रज्ञांच्या व पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्यानें हा जनुक दख्खनी मेंढ्यांत आणला, आणि त्यांतून ‘नारी सुवर्णा’ ही जात उभी राहिली.

परंतु मला अधिक महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. दरसाल चाऱ्यासाठीं वाट तुडविणाऱ्या धनगरास जुळ्यांचें कौतुक सांगून काय उपयोग? तो विचारणार, आईचें दूध दोघांस पुरेल काय, आणि दोन्ही जगतील काय? प्रयोगशाळेचें माप जन्मलेल्या कोंकरांचें, धनगराचें माप जगलेल्या कोंकरांचें. म्हणून या मेंढ्या संस्थेच्या वाड्यांत कौतुकानें जपून ठेवण्यांत आल्या नाहींत. त्या धनगरांच्या कळपांत सोडण्यांत आल्या आणि तेथें त्यांच्या नोंदी घेण्यांत आल्या. वापरणाऱ्याचा प्रश्न हाच प्रयोगाचा प्रश्न झाला. सहकार्य, सहकार्य म्हणून ज्याचा आपण घोष करतों, तें याहून निराळें काय असतें?

आतां पैशाविषयीं. संशोधनास पैसा कोणी द्यावा? जावा बेटांतील साखर-कारखानदारांनीं आपल्या खर्चानें प्रयोगकेंद्र चालविलें, आणि तेथून निघालेला पीओजे २८७८ हा ऊस देशोदेशीं पसरला. तो आपल्या दख्खनांतहि आला. महाराष्ट्रांतील सहकारी साखर कारखान्यांनीं १९७५ सालीं पुण्याजवळ मांजरी येथें स्वतःची संशोधनसंस्था काढली, आणि कारखान्यांच्या वर्गणीवर ती उभी राहिली. सांगलीच्या साखर कारखान्याचे संस्थापक वसंतदादा पाटील यांचें नांव आज तिला आहे. ज्या धंद्यास ज्ञान हवें, त्यानें त्याचा खर्च सोसावा, हें न्याय्यच आहे. मात्र पैसा देणाऱ्यानें प्रश्न विचारावा. उत्तर आधीं लिहून देऊं नये. कारखान्याच्या पैशानें झालेला प्रयोग कारखान्याविरुद्ध गेला, तरी तो छापला जाईल अशी शाश्वति असेल, तरच शेतकरी त्यावर विश्वास ठेवील. आणि शेतकऱ्याचा विश्वास नसेल तर उत्तम वाणहि शेवटीं बांधावरच वाळतो.

आपल्यासारख्या देशांत ही गोष्ट अधिक जपण्यासारखी आहे. आमच्याकडे विद्यापीठें परीक्षा घेण्यासाठीं जन्मलीं, आणि कारखाने परदेशची यंत्रें मांडून सुरू झाले. विद्यापीठानें ग्रंथ बाहेरून आणले, कारखान्यानें यंत्र बाहेरून आणलें. दोघांनाहि एकमेकांवांचून अडलें नाहीं. परंतु माती बाहेरून आणतां येत नाहीं, हवामान आणतां येत नाहीं आणि माणसांच्या अडचणीहि आणतां येत नाहींत. तेथें उसनें ज्ञान थिटें पडतें आणि स्वतः मोजण्यास आरंभ करावा लागतो.

हा आरंभ फार मोठा असावा, असेंहि नाहीं. एका कारखान्यानें आपल्या क्षेत्रांतील कांहीं गांवें घ्यावीं. रानें चिठ्ठीनें निवडावीं, ओळखीनें नव्हे. प्रत्येक रानाचा वाण, लावणीची तारीख, मातीचा प्रकार, पाण्याच्या पाळ्या, तोडणीची तारीख, एकरीं वजन आणि त्या उसाच्या रसांतील साखर एवढीं सहा-सात कलमें एका वहींत लिहावीं. ही वही कारखाना, कृषि विद्यापीठ आणि शेतकरी या तिघांचीहि असावी. सांगलीस १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आज तें वालचंद महाविद्यालय म्हणून विख्यात आहे. तेथल्यासारख्या विद्यार्थ्यांनीं एक हंगाम कारखान्यांत काढावा, आणि रस तपासण्याचें काम रानांत स्वस्तांत व झटपट कसें होईल, याचा शोध घ्यावा. प्रबंधासाठीं विषय शोधीत ग्रंथालयांत बसण्यापेक्षां वजनकांट्याजवळ तासभर उभें राहिलें, तर दहा विषय सांपडतील. जे प्रयोग फसतील, तेहि त्याच वहींत लिहावे. एकाचें अपयश लपलें, कीं दहाजण तेंच पुन्हां विकत घेतात. आणि निष्कर्ष निघाला, कीं ज्याच्या रानांत मोजमाप झालें, त्याच्या हातीं तो सोप्या मराठींत पडावा.

ही गोष्ट उसापुरतीच नाहीं. सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. बाजारांत हळदीची पारख रंगावर व कांडीच्या घट्टपणावर होते. औषध करणारा मात्र तिच्यांतील कुर्कुमिन किती, तें विचारतो. म्हणजे तेथेंहि मापें दोन, आणि शेतकरी मध्यें उभा.

श्रोतेहो, आपणांपैकीं पुष्कळजण शहरांत राहतां. चहांत साखर घालतांना तिच्यामागें इतकीं मापें भांडत असतील, याची कल्पना येण्याचें आपणांस कारण नसतें. परंतु आपल्या घरांतलींच मुलें उद्यां विद्यापीठांत संशोधन करणार आहेत किंवा कारखान्यांत अधिकारी होणार आहेत. त्यांना एवढेंच सांगावें: दुसऱ्याचें म्हणणें खोडून काढण्यापूर्वीं तो कोणत्या मापानें मोजतो तें विचारा. पाडेगांवच्या प्लॉटांतला संशोधक, कारखान्याचा रसायनज्ञ आणि कांट्यावर गाडी लावून उभा असलेला शेतकरी यांनीं एका हंगामापुरती जरी एकच वही लिहिली, तरी ठरावांनीं जें साधलें नाहीं, तें साधण्यास आरंभ होईल.